पोटखराबा

दगड उचलायची तिची एक रीत होती. उकिडवं बसायचं, दगडाची पलीकडची कड धरायची आणि दगड आपल्या अंगाकडे कलता करायचा. खाली फुरसं, म्हणजे तो बुटका विषारी साप, असलंच तर आपल्यात आणि त्याच्यात दगडाची आड राहते आणि त्याला पलीकडे निघून जायला वाट मिळते. मग खाली वाकून बघायचं, वहीत दोन ओळी लिहायच्या आणि दगड परत ठेवायचा. ठेवताना मात्र तिला दुप्पट वेळ लागायचा. दगडाखालच्या ओल्या मातीवर त्याचाच ठसा उमटलेला असतो, त्या ठशात तो अगदी बरोबर बसेपर्यंत ती हलकेच सरकवत राहायची. घरात झोपलेल्या बाळाच्या अंगावर पांघरूण घालावं तसं.

काका छत्री धरून उभे होते. पाचव्या-सहाव्या दगडानंतर त्यांना राहवेना. "अगो, टाक की तसाच. सड्यावरचा दगड तो, त्याला काय उजवं-डावं!"

तिने मान वर न करता सांगितलं, "काका, थोडी जरी फट राहिली तरी ऊन आत जातं. मग इथलं कुणी परत येत नाही."

गेल्या आषाढातली ही गोष्ट. ती पुण्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते. सड्यावरच्या, म्हणजे कोकणातल्या कातळाच्या उघड्या माळावरच्या, बेडकांवर तिचं काम चाललं होतं आणि ओळखीतून ओळख निघत ती आमच्या रत्नागिरीकडच्या घरी आठ दिवस राहायला आली होती. मी रजा काढून गेले होते, त्यामागे दुसरं कारण होतं. सड्यावरच्या सामाईक जमिनीचं काय करायचं, ते एकदाचं ठरवायचं होतं. मुंबईच्या चुलतभावाने बाग लावायचा प्रस्ताव मांडला होता. जेसीबीवाल्याशी बोलणंही झालं होतं.

त्या जमिनीचा सातबारा मी बरोबर नेला होता. लागवडीयोग्य क्षेत्र नावापुरतं, बाकी सगळं पोटखराबा. आकार, म्हणजे सारा, काही नाही. ज्या जमिनीत पीक निघत नाही तिच्यावर सारा बसत नाही, म्हणून हा शब्द. महसुलाच्या हिशेबात तो बरोबरच आहे. पण सरकारी कागदावरचा शब्द हळूहळू डोळ्यांत उतरतो. मी स्वतः कितीतरी वर्षं सड्याकडे त्याच शब्दातून पाहत आले. वर काय आहे? काही नाही, कातळ आहे.

कोकणातल्या गावाची ठेवण ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. खाली समुद्र किंवा खाडी. तिच्या काठाने माडा-पोफळीची आगरं. त्यावर घरं, आणि घरांमागून चढत जाणारी पाखाडी, म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट. उतारावर आंबा, काजू, रातांबा. पाखाडी संपली की एकदम आकाश मोकळं होतं, तो सडा. नजर पोहोचेल तिथवर काळपट तांबूस कातळ. मे महिन्यात त्यावर अनवाणी पाऊल ठेववत नाही. लहानपणी आम्ही करवंदांसाठी सड्याच्या कडेकडेने फिरायचो, मध्ये कुणी जायचं नाही. गुरं जायची, गवत कापणाऱ्या बायका जायच्या. आजी सांगायची की पलीकडच्या गावातलं लग्नाचं वऱ्हाड सड्यावरून चालत यायचं, कारण खालची वाट खाडीने तोडलेली असायची. म्हणजे सडा ओसाड कधीच नव्हता. सगळ्यांचाच होता, म्हणून कुणा एकाचा नव्हता. खोतीच्या काळात वरकस जमीन आणि गुरचरण म्हणून तो वापरला गेला. १९४९च्या कायद्याने खोती गेली, वाटण्या झाल्या, पण जिथे पीकच नाही तो कातळ वाटून घेणार कोण? तो सामाईक राहिला आणि पिढ्यांमागून पिढ्यांची नावं त्याच्या उताऱ्यावर चढत गेली. आमच्या उताऱ्यावर आज त्रेसष्ट नावं आहेत. त्यातली निम्मी माणसं मी पाहिलेलीही नाहीत.

ती मुलगी दगड उलटत होती तेव्हा मी पहिल्यांदा खाली बसून सडा पाहिला. उभ्याने दिसतो तो सडा वेगळा, बसून दिसतो तो वेगळा. कातळावर बशीएवढे, परातीएवढे, कुठे खोलीएवढे खळगे असतात. त्यांत पाणी भरलेलं. त्या पाण्यात बेडकांची पिल्लं आणि नखाएवढे, पारदर्शक, उताणे पोहणारे जीव. कोळंबीच्या नात्यातले. वर्षातले सात-आठ महिने हा खळगा कोरडा ठणठणीत असतो. त्या काळात त्यांची अंडी तळाच्या मूठभर मातीत पडून राहतात आणि पहिल्या पावसात फुटतात. सह्याद्रीतल्या कातळावरच्या डबक्यांतून अशा जीवांची एक नवी जात शास्त्रज्ञांनी २०१४ साली नोंदवली. तिला सह्याद्रीचंच नाव दिलं आहे, स्ट्रेप्टोसेफॅलस सह्याद्रीएन्सिस.

खळग्याच्या काठाला बोटभर माती साठते. तिथे गेंदाची पांढरी बटणं, सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुलं आणि दवबिंदू नावाची बुटकी वनस्पती. या मातीत नत्र जवळजवळ नाहीच. म्हणून सीतेची आसवं आपल्या मुळांजवळच्या बारीक पिशव्यांत सूक्ष्म जीव पकडतात आणि दवबिंदू पानांवरच्या चिकट थेंबांत चिलटं. आपण ज्याला नापीक म्हणतो त्या जमिनीवर वनस्पतींनी शिकार करून पोट भरायची सोय केली आहे.

आणि दीपकाडी. मृगाचा पाऊस पडून आठवडा-दोन आठवडे झाले की कातळाच्या भेगेतून एक सरळ काडी वर येते आणि तिला पांढरी, घंटेसारखी फुलं लागतात. वनस्पतिशास्त्रात तिचं नाव डिपकॅडी कोंकानेन्स. नावातच कोकण आहे, आणि तिचं घरही हेच, कोकण-गोव्याकडचे जांभ्याचे सडे. तिचा कांदा वर्षभर त्या भेगेत झोपून असतो. वर तापलेला तवा आणि खाली हे बी-बियाणं, असं सड्याचं सगळं जगणं चार महिन्यांत उरकायचं असतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी पश्चिम घाटात अशा ६२ वनस्पती शोधल्या, ज्या पूर्ण वाळून कोळ झाल्यावरही पाणी मिळताच पुन्हा हिरव्या होतात. त्याआधी अशा जेमतेम ९ माहीत होत्या. यांतल्या बऱ्याच जणी कातळावरच राहतात. ज्या शास्त्राला दुष्काळात तगणारं पीक हवं आहे, त्याने चौकशीला जायचं ठिकाण हे आहे. आमच्या उताऱ्यावरचा पोटखराबा.

त्या रात्री वीज गेली होती. पडवीत कंदिलाशी बसून ती वही नीट उतरवत होती आणि काका तिला विचारत होते की हा कातळ मुळात आला कुठून. काकांनी आयुष्य जांभ्याच्या घरात काढलं. विहीर खणताना वर जांभा, मग मऊ, पांढरट-गुलाबी माती आणि त्याखाली काळा दगड लागतो, हे त्यांना पाठ. तो काळा दगड म्हणजे ज्वालामुखीचा बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, हे तिने सांगितलं. पुढचं मी सांगितलं, कारण भूगोल हा माझा विषय होता आणि या दगडाची गोष्ट मला फार आवडते.

फ्रान्सिस बुकानन नावाचा स्कॉटिश डॉक्टर ईस्ट इंडिया कंपनीच्या हुकमावरून १८०० साली म्हैसूर, कानडा आणि मलबारच्या पाहणीला निघाला. केरळातल्या अंगाडिपुरमजवळ त्याने लोक जमिनीतून दगड कापताना पाहिले. जमिनीत असेपर्यंत तो लोखंडी हत्याराने सहज कापला जातो आणि उघड्यावर हवा लागली की विटेसारखा कडक होतो. तिथले लोक त्याला विटेचा दगड म्हणतात, हे त्याने लिहून ठेवलं. वीट याला लॅटिनमध्ये शब्द आहे 'लेटर'. त्यावरून १८०७ साली छापलेल्या आपल्या वृत्तांतात त्याने नाव दिलं 'लॅटेराइट'. आज ब्राझीलपासून ऑस्ट्रेलियापर्यंत भूशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात असलेला हा शब्द म्हणजे मलबारच्या पाथरवटांच्या बोलीचं भाषांतर आहे. मला हे कळलं तेव्हा मी शिक्षिका होऊन बारा वर्षं झाली होती. वर्गात मी 'लॅटेराइट म्हणजे आपला जांभा' असं सांगत आले होते. त्या दिवसापासून ते उलटं सांगायला लागले.

जांभा होतो कसा, तर पावसाने. हजारो नाही, लाखो वर्षांच्या उष्ण पावसाळ्यांनी बेसाल्टातली सिलिका आणि विरघळणारे क्षार धुऊन नेले. लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहिली, वरखाली होणाऱ्या पाण्याबरोबर ती थरात जमली आणि उन्हाने घट्ट झाली. जांभ्यातली भोकं, नळ्या, तांबडे-पिवळे डाग ही त्या पाण्याच्या येण्याजाण्याची खूण. गोव्याकडच्या जांभ्यात मँगनीजची खनिजं सापडतात. त्यांच्या वयमापनातून ही झीज साडेचार-पाच कोटी वर्षांपूर्वीही चालू होती, असं निघालं आहे. म्हणजे सह्याद्रीची भिंत तेव्हाच उभी होती आणि तिच्या पायथ्याला कोकणची सखल पट्टी तेव्हाच होती. आमच्या घराच्या भिंतीतला चिरा किती जुना, असं काकांनी विचारलं. मी म्हटलं, चिऱ्याचं वय सांगता येत नाही, पण या कामाला सुरुवात झाली तेव्हा माणूस नव्हता, आणि काम अजून संपलेलं नाही. काका बराच वेळ भिंतीकडे बघत बसले.

वरच्या, म्हणजे पाचगणी-कासच्या टेबललँडबद्दल एक फार सुंदर मांडणी आहे. क्लिफ ऑलियर आणि मुंबईच्या आयआयटीतले हेतू शेठ यांनी २००८ साली ती मांडली. आज डोंगराच्या माथ्यावर दिसणारी ती जांभ्याची टोपी एकेकाळी दऱ्यांचा तळ होती, असं ते म्हणतात. आजूबाजूच्या उंचवट्यांवरून लोह वाहत खाली आलं, दरीच्या तळाशी साचून कडक झालं. मग उंचवटे झिजून गेले आणि कडक झालेला तळ तेवढा उरला, म्हणून आज तो माथ्यावर आहे. सगळ्यांना ही मांडणी मान्य आहे असं नाही, वाद आहेत. पण पाचगणीच्या पठारावर उभं राहून आपण नदीच्या जुन्या तळावर उभे आहोत असं मनात आणून बघा. मी आणलं आहे. पाय जरा वेगळे पडतात.

कोकणातले सडे त्याहून बरेच खाली, समुद्रापासून शे-दोनशे मीटर उंचीचे. एका सड्यावर उभं राहून खाडीपलीकडचे सडे पाहिले तर सगळ्यांचे माथे जवळजवळ एका रेषेत दिसतात. मुळात तो एकच सलग सपाट पट्टा होता. जमीन उचलली गेली, नद्यांनी तो कापला आणि तुकडे झाले. एका तुकड्यावरचं लहान जनावर दुसऱ्या तुकड्यावर जाणार कसं? मधे दऱ्या, झाडी, खाडी. त्यामुळे प्रत्येक सडा थोडा थोडा बेटासारखा. भूशास्त्राचं टोक हे असं प्राणिशास्त्राच्या हातात येतं.

त्या मुलीला तिसऱ्या दिवशी दगडाखाली ती पाल सापडली. बोटभर लांबीची, जाडसर खवल्यांच्या शेपटीची, अंगावर पांढऱ्या रेघा. तिचं शास्त्रीय नाव हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिएटस. ग्रँडिसन आणि सोमण यांनी १९६३ साली तिची नोंद केली ती रत्नागिरीजवळच्या डोर्ले गावातून. ही पाल रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या पट्ट्यातल्या कातळांवरचीच, जगात इतरत्र नाही. डोर्ल्याला आमचे सोयरे आहेत. त्यांच्या घरी मी किती वेळा जेवले असेन! जगाच्या प्राणिशास्त्रात ज्या गावाचं नाव एका जिवाच्या जन्मदाखल्यावर आहे, त्या गावात हे कुणी मला सांगितलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही.

फुरशाची गोष्ट मात्र सगळ्यांना माहीत. आमच्याकडे घरटी एक तरी फुरशाची आठवण असते. दगड उचलताना, गवत कापताना, पायताणात. इंग्रजी अमलात रत्नागिरी जिल्ह्यात फुरशी मारण्यावर बक्षीस लावलं होतं. १८६२च्या डिसेंबरात बक्षीस वाढवलं तेव्हा आठवडाभरात एक लाखाहून जास्त फुरशी मारून आणली गेली. बक्षीस ताबडतोब कमी करावं लागलं, तिजोरी पुरेना. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला फुरशांपेक्षा माणसं दिसली. काही पैशांसाठी डिसेंबरच्या उन्हात सड्यावरचे दगड उलटत फिरणारी माणसं. त्यांनी दगड परत ठेवले असतील का, हा विचार आता मनात येतो. तेव्हा आला नव्हता.

फुरशाला घाबरणं योग्यच आहे. त्या मुलीच्या पायात गुडघ्यापर्यंत बूट होते, हातात काठी होती आणि जवळचं कोणतं सरकारी रुग्णालय लस ठेवतं ते तिने येण्याआधीच विचारून घेतलं होतं. संशोधन म्हटलं की आपल्याला प्रयोगशाळा दिसते. मला आता ती तयारी दिसते.

सड्यावर माणसांनीही लिहून ठेवलं आहे. ते कळायला तर विसावं शतक संपावं लागलं. निवळीजवळचं एखादं चित्र आधी कुणाकुणाच्या नजरेला पडलं होतं, पण सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि भूगोलाचे प्राध्यापक सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी साधारण २०१२पासून रत्नागिरी-राजापूरचे सडे पायी तुडवले तेव्हा कातळशिल्पांचं, म्हणजे कातळावर कोरलेल्या या चित्रांचं, खरं प्रमाण समोर आलं. काशेलीचा हत्ती १८ मीटरच्या आसपास लांब आहे आणि त्याच्या पोटात इतर जनावरांची दाटी आहे. बारसूला दोन वाघांच्या मधे उभा माणूस आहे. उक्षीला हत्ती, जांभरुणला माणसं आणि प्राणी, सिंधुदुर्गात कुडोपी, गोव्यात कुशावती नदीकाठी फणसईमाळ. मासे आहेत, पसरट अंगाचे वाघळी मासे आहेत. गेंड्यासारख्या आणि पाणघोड्यासारख्या आकृतीही आहेत, म्हणजे आज कोकणात ज्यांचा मागमूस नाही अशी जनावरं. २०२२ साली यांतल्या नऊ ठिकाणांची नावं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली.

मला यात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती या तिघांची शोधायची पद्धत. त्यांनी गुराख्यांना विचारलं, गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलं. कुणी म्हणायचं, वर पांडवांनी काहीतरी काढून ठेवलंय. कुणाची गुरं त्या रेघांवरून रोज जायची. बरीच चित्रं मातीने आणि गवताने बुजलेली, ती खराट्याने साफ करून बघायची. चित्र एवढं मोठं की उभ्याने काही कळत नाही, चुन्याने रेघ भरली की मग उंचावरून ध्यानात येतं. उक्षीच्या गावकऱ्यांनी हत्तीभोवती कठडा घालून बघायला सज्जा बांधला. मी तिथे गेले तेव्हा एक आजी नातवाला दाखवत होत्या, "तो बघ, ती सोंड." त्यांच्या लहानपणी त्या त्याच सोंडेवर गोवऱ्या वाळत घालायच्या, असं त्यांनीच सांगितलं.

ज्यांनी ती चित्रं कोरली ते तिथे जेवत काय होते, पाणी कुठलं पीत होते, या प्रश्नांना उत्तर हवं तर पुन्हा भूशास्त्राकडे यावं लागतं. जांभा भोकाभोकांचा. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पडणारा पाऊस तो पितो. खालच्या चिकण मातीच्या थरावर ते पाणी अडतं आणि सड्याच्या कडेला जिथे हा थर उघडा पडतो तिथे झरा होऊन निघतो. पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, दिवाळीनंतरही पाणी असतं ते याच्या जिवावर. आमच्या वाडीची विहीर, देवळामागचं कोंड, खालच्या भाताच्या मळ्या, सगळ्यांचं मूळ डोक्यावरच्या त्या 'काही नाही'त आहे. काकांना हे कुठल्या शोधनिबंधातून कळायची गरज नव्हती. पलीकडच्या गावात सड्यावर चिरेखाण सुरू झाली तेव्हा तिथली विहीर पौषातच तळ गाठू लागली, हे ते स्वतःच बोलले होते. बोलले आणि विषय सोडला होता, कारण खाणीवर त्याच गावची पोरं कामाला होती.

मला इथे न्यायाने लिहायचं आहे, कारण बाग लावणारा माझाच भाऊ आहे. १९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली. खड्डा, कलम, खत, सगळ्याला अनुदान. कोकणच्या कित्येक घरांत त्या योजनेने पहिल्यांदा हातात पैसा आला. मनीऑर्डरीवर जगणारी गावं बागायतदारांची झाली. उतार संपले तशी कलमं सड्यावर चढली. कातळाला सुरुंग लावून खड्डे काढले, दुसरीकडून माती आणून भरली. पुढे जेसीबी आला आणि हे सोपं झालं. हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. सड्यावर कलम धरणं हा एक पराक्रम आहे आणि तो करणाऱ्यांनी घाम गाळला आहे. त्यांना निसर्गाचे शत्रू म्हणणं मला जमणार नाही.

पण त्याच वेळी दुसऱ्या बाजूलाही मोजणी चालू होती. अपर्णा वाटवे यांनी उत्तर पश्चिम घाट आणि कोकणातल्या कातळ-पठारांचा आढावा २०१३ साली प्रसिद्ध केला. ही पठारं 'पडीक' या रकान्यात टाकल्यामुळेच सगळ्यात आधी संपतात, हे त्यातून स्पष्ट होतं. त्यानंतर नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या जितिन विजयन, रोहित नानिवडेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवर हजारो दगड उलटले, डबकी तपासली. शाबूत सडा, भाताची खाचरं, सोडलेली शेतं आणि बागा यांची तुलना केली. जिथे सडा मोडला तिथे कुठेही जगणारे बेडूक वाढले आणि सड्याचे खास बेडूक कमी झाले. मिनर्व्हार्या सेप्फी हा त्यांतला एक. त्याला शास्त्रीय नावच मुळी २०१७ साली मिळालं. कानाला बागेतही डरांव डरांव ऐकू येतंच, म्हणून आपल्याला वाटतं काही बिघडलेलं नाही. कोण ओरडतंय ते ओळखता यायला हवं.

आमच्याकडे आलेल्या मुलीला ते ओळखता येत होतं. शेवटच्या रात्री तिने काकांना सड्यावर नेलं. विजेऱ्या बंद करून आम्ही तिघं खळग्याच्या काठाशी बसलो. पाऊस थांबला होता. ती हळू आवाजात सांगायची, हा अमुक, आता डावीकडून तो तमुक. थोड्या वेळाने काका म्हणाले, "हा जो मधेच टिकटिक करतो ना, हा खालच्या मळीत नसतो." ती गप्प झाली. मग म्हणाली, "काका, हे मला कळायला दोन पावसाळे गेले." काका सत्तर पावसाळे ऐकत आले होते. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

जमिनीचं काय झालं ते सांगते. त्रेसष्ट नावांच्या उताऱ्याला एकच उत्तर निघत नाही. भावाने दोन मुलींच्या शिक्षणाचा हिशेब मांडला. तो खोटा नव्हता. मी पाण्याचा हिशेब मांडला. काकांनी दोन्ही ऐकले. शेवटी ठरलं ते असं, की पाखाडीच्या बाजूचा, जिथे आधीच माती आहे तो भाग भावाने बागेला घ्यावा, आणि खळग्यांचा पलीकडचा भाग तसाच सोडावा. मला हे पुरेसं वाटत नाही. त्या मुलीलाही वाटलं नाही, तिने तसं सांगितलंही. सडा अर्धा ठेवून अर्धा राहत नाही, बागेत फवारलेलं औषध पाण्याबरोबर खळग्यात उतरतंच. भावाने फवारणीच्या दिवसांबद्दल तिला चार प्रश्न विचारले आणि उत्तरं लिहून घेतली.

दिवाळीनंतर जेसीबी यायचा होता. चालवणारा बाहेरगावचा, त्याला हद्द कळावी म्हणून काकांनी खळग्यांच्या बाजूने चुन्याची रेघ मारली. दोन दिवसांनी अवकाळी आला आणि रेघ धुऊन गेली. काकांचा मला पुण्याला फोन आला. आता ते गडगा, म्हणजे नुसते दगड रचून केलेलं कुंपण, घालणार होते, गुडघाभर उंचीचा, म्हणजे प्रश्नच नको. मी म्हटलं, छान. ते म्हणाले, "छान नाही, तिला विचार. गडग्याला दगड लागणार. सड्यावरचे उचलले तर चालतील का?"

मी तिला फोन लावला. ती म्हणाली, नको, सड्यावरचा एकही नको.

काकांनी परसातला आजोबांच्या वेळचा गडगा सोडवला. गोठा गेल्यापासून त्याला काही काम नव्हतं. चार दिवस दोन गडी लावून त्यांनी ते दगड पाखाडीने वर चढवले.